मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि इस्पितळांतील खाटांचा हिशेब

हातांत दिवा घेऊन रात्रीं जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्यापैकीं बहुतेकांस क्रमिक पुस्तकांतून झालेली असते. तें चित्र खोटें नाहीं. परंतु बाईंच्या दुसऱ्या हातांत चित्रकारानें एक नोंदवही दिली असती, तर तें अधिक पुरें झालें असतें. दिव्यानें पुष्कळांना धीर दिला. माणसें मात्र त्या वहीनें अधिक वांचविलीं, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला व त्या शहराचेंच नांव त्यांस मिळालें. घराणें इंग्रज, सधन व प्रतिष्ठित. वडिलांनीं मुलींना घरींच भाषा व इतिहास शिकविला. गणिताची गोडी बाईंची स्वतःची. सन १८३७ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, देव आपणांस सेवेसाठीं बोलावीत आहे अशी त्यांची खात्री झाली. परिचारिकेचें काम त्या काळीं कुलीन स्त्रीस अशोभनीय समजलें जाई, म्हणून घरच्यांनीं पुष्कळ वर्षें विरोध केला. अखेर १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्सवर्थ येथें पास्टर फ्लीडनर यांच्या संस्थेंत, डीकनेस भगिनींबरोबर, त्यांनीं सुमारे तीन महिने शिक्षण घेतलें.

१८५३ सालीं लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथें त्यांनीं आग्रह धरला तो अगदीं साध्या गोष्टींचा: प्रत्येक मजल्यावर नळानें गरम पाणी यावें, जेवण वर नेण्यास पाळणा असावा, आणि कोणत्या खोलींतील घंटा वाजली तें परिचारिकेस आपल्या दारापाशींच कळावें. तिचे पाय जिन्यावरच झिजले, तर रोग्यापाशीं बसण्यास ती उरणार कोठून?

पुढें क्रिमियाचें युद्ध पेटलें. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं ३८ परिचारिकांसह बाई कॉन्स्टॅन्टिनोपलसमोरील स्कुटारी येथें पोहोंचल्या, आणि दुसऱ्याच दिवशीं इंकरमनची लढाई झाली. जखमी व आजारी शिपाई काळा समुद्र ओलांडून जहाजांतून येत. बराकीच्या त्या इस्पितळांत लांबच लांब ओसऱ्यांतूनहि बिछाने घातले होते. त्यांच्या रांगा सुमारें चार मैल भरत, आणि दोन बिछान्यांमध्यें जेमतेम हातभर जागा असे. सामान कोठारांत असूनहि अधिकाऱ्यांची समिती बसल्याशिवाय पेटारा उघडावयाचा नाहीं, असा नियम. डिसेंबरांत आणखी कित्येक शें आजारी येत असल्याची वार्ता आली, तेव्हां मोडक्या दालनांची दुरुस्ती रेंगाळलेली होती. बाईंनीं आपल्या जबाबदारीवर सुमारें २०० मजूर लावून तीं दालनें तयार करविलीं. माणूस दारांत येऊन पडण्यापूर्वीं त्याची खाट तयार असावी, एवढी साधी गोष्ट त्या कचेऱ्यांच्या जंजाळांत कोणास सुचली नव्हती.

तरी माणसें मरतच होतीं. फेब्रुवारी १८५५ मध्यें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४२ वर गेलें. मार्चमध्यें सरकारी आरोग्य मंडळ येऊन त्यानें तुंबलेलीं गटारें साफ केलीं व वारा खेळता केला. जूनपर्यंत तें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास उतरलें. १८५६ सालीं परत आल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्यानें बाईंनीं सर्व आंकडे मांडले. तेव्हां दिसलें तें असें कीं, रणभूमीजवळच्या साध्या तंबूवजा इस्पितळांपेक्षां त्यांचें स्कुटारीच अधिक प्राणघातक ठरलें होतें. दाटी आणि घाण यांपुढें त्यांची शुश्रूषा अपुरी पडली होती. सारें जग वाहवा करीत असतां हें सत्य स्वतःच उघडून दाखविणें किती कठीण! पण १८५८ मध्यें सरकारला दिलेल्या आपल्या निवेदनांत त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं.

येथून त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला. १८५९ सालीं इस्पितळांविषयींचें त्यांचें पुस्तक निघालें. दोन्ही बाजूंस समोरासमोर खिडक्या, मध्यें सुमारें तीस खाटा, आणि सर्व रोगी परिचारिकेच्या नजरेखालीं, अशीं सुटीं दालनें बांधावींत, असें त्यांत सांगितलें. रोग्यास गरजेपेक्षां एक दिवसहि अधिक ठेवूं नये, असाहि त्यांचा कटाक्ष होता. बरें होत आलेल्यांनीं खाटा अडविल्या म्हणजे नव्यांची दाटी होते, दाटीनें ताप पसरतो, आणि तापानें सर्वांचाच मुक्काम लांबतो. म्हणून अशांसाठीं मोकळ्या हवेंत निराळीं विश्रामगृहें असावींत, असें त्यांचें मत.

१८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें त्यांचे तक्ते मांडले गेले. वर्षारंभीं रोगी किती, नवे आले किती, बरे होऊन गेले किती, तसेच गेले किती, मेले किती, अखेरीस उरले किती, आणि प्रत्येकाचा सरासरी मुक्काम किती दिवस, हें सर्व इस्पितळांनीं एकाच रीतीनें लिहावें, अशी योजना होती. आमच्या विद्यार्थ्यांस हजेरीपट कंटाळवाणा वाटतो. त्यांनीं हा हिशेब करून पाहावा. मुक्काम तीस दिवसांचा असेल, तर एका खाटेवर वर्षांत बाराच रोगी बरे होतील. तो वीस दिवसांवर आणला, तर अठरा. एकहि नवी खाट न घेतां सहा माणसांची सोय झाली! लंडनच्या कांहीं इस्पितळांनीं ते तक्ते स्वीकारले. पण ते फार गुंतागुंतीचे असल्यामुळें ती रीत टिकली नाहीं. हा दोष बाईंचाच म्हटला पाहिजे.

त्याच वर्षीं सेंट थॉमस इस्पितळांत त्यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. पुढें १८७१ सालीं थेम्सकांठीं त्या इस्पितळाची नवी इमारत उघडली, ती सुट्या दालनांच्याच पद्धतीची होती. युद्धांत जडलेल्या आजारानें बाई स्वतः मात्र कित्येक वर्षें बहुधा अंथरुणावरच असत. तेथूनच त्यांनीं हिंदुस्थानांतील लष्करी छावण्यांच्या आरोग्याचे कागद तपासले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि पत्रव्यवहार ठेवला. या देशांत येणें त्यांस घडलें नाहीं.

१३ ऑगस्ट १९१० रोजीं लंडनमध्यें त्यांचें देहावसान झालें. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरण्याचा मान नातलगांनीं नाकारला, आणि हॅम्पशरमधील ईस्ट वेलोच्या लहानशा चर्चच्या आवारांत त्यांस मूठमाती दिली. तेथील दगडावर त्यांच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेंच कोरलेलें आहे.