प्रश्नांतून शिकवणारी शाळा उभारणारे जॉन ड्युई

अमेरिकेतील शिकागो शहरात जानेवारी १८९६ मध्ये एक लहानशी प्राथमिक शाळा सुरू झाली. विद्यार्थी सोळा आणि शिक्षक दोन. एकाच कामातून अनेक विषय शिकवता येतात का आणि मुलांच्या जिज्ञासेवर अभ्यासक्रम उभा राहू शकतो का, हे पडताळून पाहण्यासाठी शिकागो विद्यापीठाने ती काढली होती. तिचे संस्थापक होते विख्यात तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई.

ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. १८७९ मध्ये पदवी मिळवल्यानंतर त्यांनी पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी येथे दोन वर्षे माध्यमिक शाळेत अध्यापन केले. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८८४ मध्ये डॉक्टरेट संपादन करून ते मिशिगन विद्यापीठात रुजू झाले. तेथेच त्यांचा परिचय अ‍ॅलिस चिपमन यांच्याशी झाला आणि १८८६ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. १८९४ मध्ये ड्युई शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या संयुक्त विभागाचे प्रमुख झाले.

नव्या शाळेसाठी मेज आणि बाक शोधताना आलेला अनुभव त्यांनी पुढे नमूद करून ठेवला. दुकानांतून हिंडूनही त्यांना मनाजोगते सामान मिळेना. अखेर एका दुकानदाराने उलगडा केला. ड्युई यांना मुले ज्यावर काम करू शकतील असे मेज हवे होते, तर दुकानातील सारे बाक नुसते बसून ऐकण्यासाठी बनवलेले होते. प्रचलित शिक्षणपद्धतीचा दोष ड्युई यांना या एका प्रसंगात दिसला.

त्यांच्या शाळेत स्वयंपाक, सुतारकाम, शिवण आणि विणकाम यांना मध्यवर्ती स्थान होते. त्यामागे मुलांना कारागीर बनवण्याचा हेतू नव्हता; या कामांतून इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित यांची दारे उघडत. स्वयंपाकासाठी जिन्नस मोजताना अपूर्णांक येत. अंडे उकडताना पाण्याच्या तापमानाचा त्याच्या पांढऱ्या भागावर काय परिणाम होतो, हे मुले स्वतः पाहत. सहा वर्षांची मुले शेतीचा अभ्यास करत, तर त्याहून मोठी मुले आदिमानवाच्या जीवनापासून समाजाच्या वाटचालीचा मागोवा घेत.

कापडाच्या अभ्यासातील एक उदाहरण विशेष बोलके आहे. लोकरीच्या मानाने सुती कापडाचा प्रसार उशिरा का झाला, असा प्रश्न पुढे आला. मुलांनी बोंडांतील सरकी हाताने काढून पाहिली. अर्धा तास खपूनही हाती आलेला कापूस एक औंसापेक्षा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपेक्षा, कमी भरला. प्रश्नाचे उत्तर मुलांना मिळाले आणि सरकी काढण्याच्या यंत्राने इतिहासाला कोणते वळण दिले, हेही उमगले.

मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप शिकतात, असे मात्र ड्युई यांनी कधीच मानले नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयात आणि कोणत्या कामातून उभा राहील, याची आखणी शिक्षकांनाच करावी लागे. त्यामुळे शिक्षकाची जबाबदारी कमी न होता उलट वाढत होती. १९०२ पर्यंत विद्यार्थ्यांची संख्या १४० आणि शिक्षकांची २३ झाली होती. एका शिक्षकामागे जेमतेम सहा विद्यार्थी हे प्रमाण सामान्य शाळांना परवडणारे नव्हते. या पद्धतीपुढील ही अडचण आजही कायम आहे.

ड्युई यांच्या नेतृत्वाखालील हा प्रयोग आठ वर्षेच चालला. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या अखत्यारीतील दुसरी एक शाळा तिच्यात विलीन करण्यात आली. मुख्याध्यापिका असलेल्या अ‍ॅलिस यांच्या नियुक्तीच्या मुदतीवरून विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याशी मतभेद झाले आणि १९०४ मध्ये पतिपत्नी दोघांनीही राजीनामा दिला. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांचा मुलगा गॉर्डन याचे विषमज्वराने निधन झाले. यापूर्वी १८९५ मध्ये मॉरिस हा मुलगाही परदेशातच घटसर्पाने दगावला होता.

पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ड्युई यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. लोकशाही आणि शिक्षण यांचे नाते उलगडणारा त्यांचा प्रमुख ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाचा आधार घेऊन काही शाळांनी शिस्त आणि विषयज्ञान यांनाच फाटा दिला, तेव्हा १९३८ च्या पुस्तकात त्यांनी आपल्याच अनुयायांची कानउघाडणी केली. प्रत्येक अनुभव शिक्षण देणारा नसतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ड्युई यांच्या वर्गांना हजेरी लावली होती. जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीच्या १९३६ च्या ग्रंथात त्यांनी आपल्या या गुरूंचे ऋण मान्य केले. १९५२ मध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरवले. तो समारंभ ५ जून रोजी झाला. मात्र त्याच्या चार दिवस आधी, १ जून १९५२ रोजी, ड्युई यांचे न्यूयॉर्क येथे वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले होते. गुरुशिष्यांची भेट राहून गेली. सोळा मुलांनिशी सुरू झालेली शिकागोची ती शाळा मात्र आजही सुरू आहे.