उकिरड्यावरचे मूल, संघाचा वैद्य : जीवक

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर जाणकार मंडळी दरवर्षी लिहितात. मी साधा गिरणी कामगार. रात्रपाळी करून जे वाचले, तेवढीच माझी विद्या. म्हणून या वेळी मी एका उपासकाची हकिकत सांगणार आहे. त्याचे नाव आपण ऐकलेले असते, पण त्याचा जन्म कुठे झाला, तो कसा शिकला, हे आपल्या मुलांना विचारले तर सांगता येत नाही. तो म्हणजे जीवक. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याच्या धम्मदीक्षेची हकिकत मुद्दाम घेतली आहे. सविस्तर चरित्र विनयपिटकातल्या महावग्गात आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी मगध देशात राजगृह नगर होते. आज त्याला राजगीर म्हणतात, ते बिहारमध्ये आहे. भोवती पाच डोंगर आणि मधे नगर. तिथे सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला. गणिकेच्या घरी मुलगी झाली तर ठेवायची, मुलगा काय कामाचा? तिने दासीला सांगितले आणि दासीने ते तान्हे पोर सुपात घालून उकिरड्यावर नेऊन टाकले. सकाळी बिंबिसार राजाचा मुलगा अभय राजकुमार त्या वाटेने चालला होता. कावळे गोळा झालेले बघून त्याने विचारले, तिथे काय आहे? लोक म्हणाले, मूल आहे. जिवंत आहे का? तर हो, जिवंत आहे. त्या जिवंत शब्दावरूनच त्याचे नाव पडले जीवक. कुमाराने पोसला म्हणून कोमारभच्च. काही दुसऱ्या परंपरेच्या ग्रंथांत जन्माची हकिकत वेगळी आहे, पण विनयात आहे ती अशी.

जीवक वाड्यात वाढला. कळता झाल्यावर त्याने अभयला विचारले, माझे आईबाप कोण? अभय म्हणाला, तुझी आई मला माहीत नाही, मी वाढवले म्हणून मीच बाप. जीवक मनात समजला. ज्याच्याजवळ कुळ नाही त्याच्याजवळ निदान हुन्नर तरी पाहिजे, नाहीतर राजवाड्यात कोण विचारतो? तो कुणालाही न सांगता तक्षशिलेला निघाला. तक्षशिला आज पाकिस्तानात रावळपिंडीजवळ आहे. राजगृहापासून दीड हजार किलोमीटरहून अधिक. हा पोरगा तिथे गेला आणि एका नामांकित वैद्याच्या हाताखाली सात वर्षे शिकला. भराभर शिकायचा, समजून घ्यायचा आणि शिकलेले विसरत नसे.

सात वर्षे झाली तरी या विद्येचा अंत दिसेना. त्याने गुरूला विचारले, हे शिकणे संपणार कधी? गुरूने त्याच्या हातात खणायचे हत्यार दिले आणि सांगितले, तक्षशिलेच्या चारी बाजूंना एक योजन फिर आणि जे औषधी नाही ते घेऊन ये. जीवक रानोमाळ हिंडला. झुडपे पाहिली, मुळ्या खणल्या, साली सोलल्या, गवत हुंगले. आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधाच्या कामाला येत नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नव्हती. गुरू म्हणाला, तुझे शिक्षण झाले, पोट भरायला एवढे पुरे.

बंधूभगिनींनो, इथे मी वाचता वाचता थांबलो. ज्या पोराला निरुपयोगी म्हणून उकिरड्यावर टाकले, त्याच पोराची परीक्षा निरुपयोगी काय आहे ते शोधून आणण्याची होती. आणि त्याला तसे काही सापडले नाही. आपल्या समाजाला हजारो वर्षे वेशीबाहेर ठेवले गेले, तेव्हा या गोष्टीचा अर्थ आपल्याला कुणी वेगळा समजावून द्यायला नको.

त्या काळच्या औषधांची यादी विनयात आहे. ती वाचली की आपल्या आजीचा बटवा आठवतो. हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा, कुटकी ही मुळे. कडुनिंब, कुडा, तुळस यांची पाने. हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरे, वावडिंग ही फळे. हिंग आहे, मीठ आहे, तूप, लोणी, तेल, मध आणि गूळही आहे. कपाशीची पानेसुद्धा त्या यादीत आहेत. ज्या कपाशीवर आम्ही आयुष्य काढले, तिचे पान औषधी म्हणून गणले गेले होते, हे मला पन्नाशीत कळले!

परतताना साकेत नगरीत जीवकाची शिदोरी संपली. तिथल्या एका श्रेष्ठीच्या बायकोचे डोके सात वर्षे दुखत होते. मोठमोठे वैद्य सोने घेऊन गेले, गुण आला नव्हता. जीवकाने आधी पैसे घेणार नाही असे सांगितले. बरे वाटले तर मग काय द्यायचे ते द्या. औषधी घालून कढवलेले तूप त्याने नाकातून दिले आणि एकाच नस्याने आजार गेला. घरच्या चौघांनी चार चार हजार, असे सोळा हजार दिले. त्याबरोबर दास, दासी आणि घोड्यांचा रथ. माणसे अशी बक्षीस देण्याची त्या काळची रीत होती. ती वाचताना मन खट्टू होते, पण ग्रंथात आहे ते लपवून का ठेवायचे? जीवकाने ती पहिली कमाई नेऊन अभयपुढे ठेवली. आपल्याला वाढवले त्याची ही फेड. अभयने ती घेतली नाही, आपल्याच वाड्यात घर बांधून राहा म्हणाला.

पुढे त्याची कीर्ती झाली. बिंबिसार राजाला भगंदर होते, ते त्याने लेपाने बरे केले. राजाने दागिन्यांचा ढीग देऊ केला तर जीवकाने तो नाकारला, माझी सेवा ध्यानात राहू द्या एवढेच म्हणाला. राजाने त्याला राजघराण्याचा आणि बुद्धप्रमुख भिक्खू संघाचा वैद्य नेमले. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर आणि वाराणसीच्या एका श्रेष्ठीपुत्राच्या पोटावर त्याने शस्त्रक्रिया केल्याचे वर्णन विनयात आहे. आतड्याला पडलेली गाठ सोडवून पोट पुन्हा शिवले, असे लिहिले आहे.

उज्जैनच्या प्रद्योत राजाला पांडुरोग झाला. औषध तुपातूनच द्यायचे आणि राजाला तुपाची शिसारी, त्यात स्वभाव महातापट. जीवकाने तूप औषधीत असे कढवले की रंग, वास, चव सगळे काढ्यासारखे झाले. पण उलटी झाली की राजाला कळणार आणि मान जाणार. म्हणून आधीच परवानगी मागून घेतली. वैद्याला मुळ्या खणायला वेळी अवेळी रानात जावे लागते, तेव्हा कुठलेही वाहन आणि कुठलाही दरवाजा मला मोकळा असावा. औषध पाजले आणि भद्दवतिका नावाच्या हत्तिणीवर बसून तो पसार झाला. राजाने काक नावाचा दास मागे पाठवला. कोसंबीला त्याने जीवकाला गाठले. जीवकाने अर्धा आवळा आपण खाल्ला, अर्धा काकाला दिला. त्या अर्ध्यात नखातले औषध होते. काकाला तिथेच जुलाब सुरू झाले! जीवकाने त्याला धीर दिला, हत्तीण परत केली आणि राजगृहाला निघून गेला. राजा बरा झाला आणि त्याने मौल्यवान शिवेयक वस्त्राची जोडी पाठवली.

ते वस्त्र जीवकाने अंगावर घातले नाही. ते भगवंताला दिले. तोपर्यंत भिक्खू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून त्याचे चीवर शिवत. जीवकाने विनंती केली की गृहस्थांनी दिलेले वस्त्र घ्यायला संघाला परवानगी असावी. भगवंताने ती दिली, ज्याला पांसुकूल वापरायचे त्याने ते वापरावे असेही सांगितले. आज आपण भंतेजींना चीवरदान करतो, त्याची सुरुवात ही अशी आहे. ज्याला स्वतःला उकिरड्यावरून उचलले होते, त्याच्या हातून हे घडले.

भगवंताच्या प्रकृतीचीही काळजी जीवक घेई. देवदत्ताने गृध्रकूटावरून शिळा लोटली आणि तथागतांच्या पायाला जखम झाली, तेव्हा जीवकाने मलमपट्टी केल्याची हकिकत अट्ठकथेत आहे. वैशालीला भिक्खू जड जेवणाने सुस्त झाले, तेव्हा त्याने चंक्रमणाची, म्हणजे फेऱ्या मारण्याची जागा आणि स्नानगृह यांची सोय सुचवली. औषधाआधी हवा, चालणे आणि स्वच्छता.

मगधात कुष्ठ, गळवे, कोड, क्षय आणि फेफरे यांची साथ आली. जीवक संघातल्या भिक्खूंवर उपचार करतो म्हणून रोगी नुसत्या उपचारासाठी भिक्खू होऊ लागले आणि बरे झाले की चीवर सोडून जाऊ लागले. एकटा वैद्य पुरणार किती? त्याने भगवंताला सांगितले आणि तसा नियम झाला. यात रोग्याचा तिरस्कार नव्हता. एका भिक्खूला जुलाब होऊन तो आपल्याच घाणीत पडला होता, त्याला भगवंतांनी आनंदाबरोबर स्वतःच्या हाताने धुतले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी असे शिकवले, हेही त्याच महावग्गात आहे. उलट मनुस्मृती पाहा. तिने वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळले आणि त्याच्या घरचे अन्न निषिद्ध ठरवले. रोग्याला हात लावणारा तिथे अपवित्र, इथे तो मोठा उपासक. 25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेबांनी महाडला ती का जाळली, याचे हेही एक कारण समजावे.

जीवकाने राजगृहातली आपली आमराई संघाला दान दिली. तिथेच त्याच्या हयातीतला मोठा प्रसंग घडला. अजातशत्रूने बापाला, बिंबिसाराला मारून गादी घेतली होती, पण मनाला चैन नव्हते. अट्ठकथा सांगते की त्याची झोपच उडाली होती. एका पौर्णिमेच्या रात्री त्याने मंत्र्यांना विचारले, मन शांत होईल असा कुणाकडे जाऊ? प्रत्येकाने आपापल्या गुरूचे नाव घेतले. जीवक गप्प. राजाने विचारल्यावरच तो बोलला. हत्तींवर बसून सगळे आमराईकडे निघाले. तिथे साडेबाराशे भिक्खू, आणि खोकल्याचासुद्धा आवाज नाही. राजाला वाटले, दगा आहे, मला शत्रूच्या हाती देतात! जीवकाने धीर देऊन पुढे नेले. त्या चांदण्यात, त्या शांततेत राजाने धम्म ऐकला आणि आपला गुन्हा स्वतः कबूल केला. त्यानंतर त्याला झोप लागू लागली, असे अट्ठकथेत आहे. या दुखण्यावर आपल्या पेटीत मुळी नाही, हे जीवकाला कळत होते. आपल्या विद्येची हद्द ओळखणारा तोच खरा वैद्य.

राजगीरला उत्खननात लांबट गोलाकार दालनांचे पाये निघाले. तीच जागा जीवकाच्या आमराईची मानतात. थायलंडमध्ये मालिश आणि जडीबुटीचे उपचार करणारे लोक आजही जीवकाला आद्यगुरू मानून वंदन करतात. ज्याच्या बापाचे नाव माहीत नव्हते, त्याचे नाव परक्या मुलखात टिकले.

शेवटी आपल्या वस्तीचे दोन शब्द. गिरणीत कापसाचा तूस छातीत जाऊन खोकणारे सोबती मी पाहिले. कित्येक जण आधी अंगारा, मग दोरा, मग कुणीतरी सांगितलेला काढा आणि अगदी शेवटी दवाखाना अशा क्रमाने गेले. काहींना उशीर झाला. जीवकाचे नाव घेऊन कुणी पाला वाटून देत असेल तर त्याला विचारा, तू सात वर्षे कुठे शिकलास? जीवकाने मंत्र मारला नाही, ताईत बांधला नाही. तो शिकला, रोग्याला तपासले, मग औषध दिले. वेळेवर डॉक्टरकडे जाणे हीच जीवकाची वाट आहे.

आणि आपल्या चाळीतले एखादे पोर नापास झाले, बिघडले, कुणाला नकोसे झाले, तर त्याला टाकाऊ म्हणण्याआधी तक्षशिलेचे ते रान आठवा. अभय राजकुमाराने थांबून एवढेच विचारले होते, जिवंत आहे का? आपणही थांबून विचारू या.

नमो बुद्धाय! जयभीम!