न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : पुराव्याशी प्रामाणिक राहिलेला विद्वान

एकोणिसाव्या शतकातील मुंबईने देशाला जी थोर माणसे दिली, त्यांत न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र न्यायमूर्ती रानडे, सर फिरोजशहा मेहता किंवा लोकमान्य टिळक यांच्या मानाने आजच्या पिढीला तेलंगांची ओळख फारशी राहिलेली नाही. वकील, कायदेमंडळाचे सभासद, न्यायाधीश आणि फावल्या वेळेत इतिहासाचा अभ्यास करणारे संशोधक अशा अनेक नात्यांनी त्यांनी अवघ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात जे कार्य केले, ते थक्क करणारे आहे. आपण कॅथलिक वाचकांनी त्यांचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे. ते पुढे ओघाने येईलच.

तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईत झाला. वयाच्या पाचव्या वर्षी अमरचंदवाडीतील मराठी शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले आणि १८५९ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे चारित्र्यवान शिक्षक त्यांना लाभले. गुरुशिष्याचे हे नाते पुढे निकटच्या मैत्रीत परिणत झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी संस्कृतसाठी असलेली भगवानदास शिष्यवृत्ती मिळवली, ते कॉलेजचे फेलो झाले आणि एम. ए. व एलएल. बी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या.

त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली करण्याचा मान जवळजवळ युरोपियन बॅरिस्टरांकडेच होता. बाळ मंगेश वागळे यांनी त्या दाराची कडी प्रथम काढली. त्यांचे अनुकरण करून तेलंगांनी तेथील कठीण परीक्षा दिली आणि १८७२ साली त्यांना सनद मिळाली. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होतेच, शिवाय धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ ते स्वतः वाचू शकत. इतरांना भाषांतरावर विसंबून राहावे लागे, तेथे तेलंग मूळ वचनच न्यायालयापुढे ठेवीत. त्यामुळे थोड्याच अवधीत त्यांची वकिली भरभराटीस आली. सरकारी नोकरी चालून आली असता त्यांनी ती नम्रपणे नाकारली.

वकिलीचा व्याप सांभाळून त्यांनी विद्येची उपासना कधी सोडली नाही. जर्मन पंडित अल्ब्रेख्त वेबर यांनी १८७० साली असे प्रतिपादन केले होते की, रामायणाच्या रचनेवर ग्रीक कवी होमर याच्या महाकाव्याची छाया आहे. केवळ तेवीस वर्षांच्या तेलंगांनी १८७३ साली या मताचा परामर्श घेतला. त्यांनी रागाने उत्तर दिले नाही किंवा देशाभिमानाची दुहाई दिली नाही. वकील जसा साक्षीपुराव्याची उलटतपासणी करतो, तशी त्यांनी वेबर यांच्या एकेका विधानाची तपासणी केली आणि त्यांचा निष्कर्ष टिकत नसल्याचे दाखवून दिले.

यानंतरचा प्रसंग आपल्याशी अधिक निगडित आहे. ब्रेस्लाऊ येथील कॅथलिक ईशज्ञानपंडित फ्रान्झ लोरिन्सर यांनी १८६९ साली भगवद्गीतेचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. गीतेतील अनेक वचने नव्या करारातील वचनांशी जुळतात, त्याअर्थी गीताकाराने ती ख्रिस्ती धर्मग्रंथातून घेतली असावीत, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी त्यांनी समान वाटणाऱ्या वचनांची मोठी यादीच दिली होती. अनेक धर्मप्रचारकांना हा शोध स्वाभाविकपणेच सुखावणारा वाटला असेल.

तेलंगांनी १८७५ साली गीतेचे इंग्रजी पद्यमय भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत लोरिन्सर यांच्या मताचा समाचार घेतला. दोन ग्रंथांत सारखे विचार आढळले, एवढ्यावरून एकाने दुसऱ्याचे उसने घेतले असे ठरत नाही. त्यासाठी तो ग्रंथ त्या काळी त्या भूमीत पोहोचला होता, याचा स्वतंत्र पुरावा लागतो. नव्या कराराचे एखादे भारतीय भाषांतर त्या प्राचीन काळी अस्तित्वात होते, ही लोरिन्सर यांची भिस्त किती कच्च्या पायावर उभी आहे, हे त्यांनी दाखवले. पुढे माक्स म्युलर यांच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेच्या आठव्या खंडात, १८८२ साली, तेलंगांनी गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे इंग्रजी गद्य भाषांतर सादर केले. गीतेचा काळ त्यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्याही मागे नेला होता. आजचे अनेक अभ्यासक तो एवढा मागे नेत नाहीत. परंतु गीता ही नव्या कराराची नक्कल आहे, हे मत मात्र विद्वानांत टिकले नाही.

या वादात आपल्या धर्मबंधूची बाजू पडली, हे मान्य करताना आम्हांला संकोच वाटत नाही. सत्य हे परमेश्वराचेच आहे, मग ते कोणाच्याही मुखातून येवो. शुभवर्तमानाचे मोल वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या धर्मग्रंथाला उसनवारीचा ठपका ठेवण्याची गरज नसते. लोरिन्सर यांची श्रद्धा प्रामाणिक असेल, पण त्यांचा पुरावा अपुरा होता. श्रद्धा आणि पुरावा यांची गल्लत करू नये, हा धडा आम्हांला तेलंगांकडून घ्यावासा वाटतो.

ख्रिस्ती धर्माविषयी तेलंगांच्या मनात आकस होता, असे कोणी समजू नये. जर्मन नाटककार लेसिंग याच्या १७७९ सालच्या प्रसिद्ध नाटकाचे त्यांनी ‘शहाणा नेथन’ या नावाने मराठीत भाषांतर केले. हे नाटक धर्मयुद्धांच्या काळातील जेरुसलेममध्ये घडते. एक ज्यू व्यापारी, एक मुसलमान सुलतान आणि एक ख्रिस्ती योद्धा यांच्या संबंधांतून परधर्मसहिष्णुतेचा संदेश त्यात दिला आहे. वादात परखड असलेला हा विद्वान मनाने किती उदार होता, हे या निवडीवरून दिसून येते.

सार्वजनिक जीवनातही तेलंगांची हीच वृत्ती होती. हंटर यांच्या अध्यक्षतेखाली १८८२ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजचे रेव्हरंड विल्यम मिलर हेही त्यांच्या सहकाऱ्यांपैकी एक होते. सरकारी कॉलेजांत नीतिशिक्षणाचे पाठ्यपुस्तक लावावे, ही आयोगाची शिफारस तेलंगांना पटली नाही आणि आपले वेगळे मत त्यांनी लेखी नोंदवले. नानाधर्मीय विद्यार्थ्यांना सरकारी पुस्तकातून नीती शिकवता येईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या शाळांतून मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्या शिक्षकांनी या मतभेदावर विचार करावा.

इल्बर्ट बिलाच्या वादात, १८८३ साली, मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग यांनी मुंबईत एका व्यासपीठावरून लोकमत मांडले. एक पारशी, एक मुसलमान आणि एक हिंदू अशा या तिघांच्या सहकार्यातून १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव तेथे तेलंगांनीच मांडला.

हा ठराव मांडण्याचा अधिकार त्यांना अनुभवाने आला होता. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर १८८४ साली त्यांची नेमणूक झाली होती. त्या काळी सभासद निवडून येत नसत. त्यांना प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा हक्कही नव्हता. अशा मर्यादित चौकटीतही मेहतांच्या साथीने त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या कायद्याला आकार देण्यास हातभार लावला. अनेक दुरुस्त्या होऊनही तो कायदा आजही मुंबईच्या कारभाराचा पाया आहे. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा मात्र त्यांनी स्वीकारली नाही.

१८८९ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या दोन्ही पदांवर बसणारे ते पहिलेच भारतीय होत.

याच वर्षी त्यांनी मराठी बखरींवर आधारलेला आपला इतिहासविषयक निबंध वाचला. ग्रँट डफ यांच्या १८२६ सालच्या ग्रंथातून मराठ्यांच्या लढाया आणि राजकारण कळत होते. त्या काळचा समाज कसा जगत होता, हे तेलंगांना जाणून घ्यायचे होते. बखरी आणि जुने कागद चाळून त्यांनी दाखवले की, धर्माचे आणि जातीचे निर्बंध आपण समजतो तितके अचल नव्हते. प्रसंग पडला की त्यांना मुरड घातली जात असे. हा निबंध पुढे रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील १९०० सालच्या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून जोडण्यात आला.

आता एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे केवळ गुणगान नव्हे. रूढी बदलू शकतात, हे इतिहासातून सिद्ध करणाऱ्या आणि सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या तेलंगांनी आपल्या कन्येचा विवाह मात्र बालवयातच लावून दिला. घरच्या मंडळींच्या आग्रहापुढे ते नमले. त्यांच्यावर मोठी टीका झाली आणि सुधारकांची मान खाली गेली. रानडे यांनी त्यांना समजून घेतले. स्वतः रानडे यांनीही १८७३ साली वडिलांच्या इच्छेखातर विधवाविवाहाऐवजी एका अल्पवयीन मुलीशी विवाह केला होता.

आम्ही या प्रसंगाचे समर्थन करू इच्छित नाही. त्याची किंमत एका लहान मुलीने मोजली, हे विसरता येत नाही. परंतु दगड उचलण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकवावे. सभेत हुंडा, मानपान आणि खर्चिक लग्ने यांविरुद्ध बोलणारे आपण, स्वतःच्या मुलामुलीच्या लग्नात नातेवाइकांपुढे किती वेळा गप्प बसतो? परक्या पंडिताशी वाद घालण्यास लागते त्याहून मोठे धैर्य घरच्या माणसांना नाही म्हणण्यास लागते.

१ सप्टेंबर १८९३ रोजी तेलंगांचे मुंबईत निधन झाले. उच्च न्यायालयातील त्यांची रिकामी झालेली जागा रानडे यांना मिळाली. तेलंगांनी मागे ठेवलेला वारसा मात्र सर्वांचा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकावे, पुरावा तोलावा आणि मगच निर्णय द्यावा, ही त्यांची शिस्त. धर्माधर्मांत संशय वाढत असलेल्या आजच्या काळात ती आपण अंगी बाणवली, आणि जेथे ते स्वतः कमी पडले त्या आपल्या उंबरठ्याच्या आतही ती पाळली, तर या थोर पुरुषाचे स्मरण सार्थकी लागेल.