काळोखाचा अभ्यासक

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी १८५७ साली एडवर्ड बार्नार्ड याचा जन्म झाला. जन्मापूर्वीच त्याचे पितृछत्र हरपले होते. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा त्याला जेमतेम दोन महिने लाभली. लिहावाचावयास शिकविले ते आईने. नवव्या वर्षी तो एका छायाचित्रकाराकडे कामास लागला. छायाचित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र तेथे छपरावर होते. सूर्य सरकेल तसतसे ते हाताने फिरवीत राहावे लागे. हे कंटाळवाणे काम त्याने निष्ठेने केले.

पुढे त्याला आकाशाचे वेड लागले. वर्षाच्या कमाईचा सुमारे दोनतृतीयांश भाग खर्चून त्याने पाच इंची दुर्बीण घेतली. रात्री जागून त्याने नवे धूमकेतू शोधले आणि बक्षिसांच्या पैशांतून आईसाठी व पत्नीसाठी घर उभारले.

१८८८ पासून बार्नार्ड लिक वेधशाळेत काम करू लागले. १८९२ मध्ये त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. परंतु त्यांचे मन रमले ते आकाशगंगेत. तिचे एक छायाचित्र घेण्यास कित्येक तास लागत आणि तोवर दुर्बीण एकाच ताऱ्यावर रोखून धरावी लागे. बालपणी अंगी बाणलेली चिकाटी येथे कामी आली.

त्या छायाचित्रांत ताऱ्यांच्या दाटीमध्ये काळे डाग दिसत. ती आकाशातील भगदाडे असावीत, असे बार्नार्डही प्रथम मानीत. १९०५ साली माउंट विल्सनवरून त्यांनी भुजंगधारी तारकासमूहाचे छायाचित्र घेतले. त्यात एक तेजोमेघ काळवंडत जाऊन काळ्या पट्ट्यांत विरलेला दिसला. त्यांच्या मनात शंका उपजली. अनेक वर्षे पुरावा तपासून त्यांनी आपले पहिले मत सोडले. ते डाग म्हणजे मागील तारे झाकणारे मेघ होत, हे त्यांना पटले. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या ठिकाणांची सूची प्रसिद्ध केली. १९२३ साली त्यांचे निधन झाले.

हे मेघ वायूचे व धुळीचे असतात. त्यांतील थंड, दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावतात आणि तेथे तारे जन्मतात. अवरक्त किरण बऱ्याच अंशी धुळीतून पार होतात. ते टिपणाऱ्या वेब या अवकाश दुर्बिणीने घेतलेले त्याच भुजंगधारीतील मेघांचे चित्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूरच्या त्या प्रदेशात पन्नासएक तरुण तारे चमकत होते. काहींपासून वायूचे तांबडे झोत उसळत होते. ज्या काळोखाला रितेपण समजत, तो ताऱ्यांचा पाळणा ठरला. त्याच्याकडे चिकाटीने पाहणारा पुरुष मात्र छपरावरचे यंत्र फिरविणारा एक गरीब पोर होता.