विश्लेषण : विज्ञानाचा तास वर्गात की कुरणात? ताराबाई मोडकांनी काय निवडले?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत ‘परिसर अभ्यास’ शिकवताना शिक्षकांसमोर एक प्रश्न नेहमी येतो. माती, पाणी किंवा वनस्पतींचा पाठ वाचून समजावायचा, टेबलावर प्रयोग करून दाखवायचा, की मुलांना बाहेर न्यायचे? याच ठाणे जिल्ह्यात, तो अखंड असताना, एका बाईंनी या प्रश्नावर आयुष्याची शेवटची अठ्ठावीस वर्षे खर्च केली. त्यांचे काम शहापूर-मुरबाडचे नव्हे, डहाणू तालुक्यातले. पण भात, जंगल, गुरे आणि आदिवासी पाडे दोन्हीकडे सारखेच.

ताराबाई कोण होत्या?

ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईचा. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. पदरी लहान मुलगी आणि नोकरी राजकोटच्या अध्यापिका विद्यालयात प्राचार्यपदाची. त्या काळी एकट्या बाईसाठी ही जागा सुरक्षित आणि मानाची होती.

१९२३ मध्ये ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत मॉन्टेसरी पद्धतीने बालमंदिर चालवत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत आणली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले.

शहरात जमलेले गावात का जमेना?

मॉन्टेसरी पद्धतीत मूल हाताने शिकते. खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलके, लहान आणि मोठे हे भेद आधी बोटांना कळतात, नावे नंतर येतात. विज्ञानाची सुरुवातही अशीच होते : निरखणे, भेद ओळखणे, गट पाडणे. अडचण साधनांची होती. बेताने घडवलेले लाकडी ठोकळे आणि पेट्या दादरच्या पालकांना परवडत, खेड्यात नाही.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत अनुताई वाघ होत्या. त्या बालविधवा, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या. त्याच वर्षी शेजारच्या तलासरी-डहाणू पट्ट्यात वेठ आणि लगीनगडीच्या प्रथेविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता. ज्या घरांची माणसे कर्जापायी सावकाराकडे राबत होती, त्यांची मुले घंटा ऐकून बालवाडीत येतील अशी अपेक्षाच चुकीची होती. मुले आली नाहीत.

तेव्हा बालवाडी उठून वस्तीच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी, खेळ, मोजणे. महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, माती, बांबू आले. वस्तू बदलल्या, तत्त्व तेच राहिले. भेद शिकायला चिंचोका आणि सागरगोटा लाकडी ठोकळ्याइतकेच चालतात, आणि हरवले तर रडावे लागत नाही.

कुरणशाळा म्हणजे काय?

१९५७ च्या सुमारास काम डोंगरावरच्या कोसबाडला हलले. तेथे अंगणवाडीही अपुरी पडली, कारण थोडी मोठी मुले दिवसभर गुरांमागे असत. गुरे सोडून शाळेत या, असे सांगणे म्हणजे घरची मजुरी सोडा असे सांगणे. म्हणून शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली बसून शिक्षण चाले. गवत, झाडे, पाखरे, किडे, दगड समोरच होते.

ताराबाईंच्या निवडीचा क्रम येथे स्पष्ट दिसतो. आधी मूल दिवसभर कोठे असते ते पाहायचे, मग त्याच्या हाताशी काय आहे ते, आणि पद्धत सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा उलटे होते. प्रशिक्षणात पद्धत आधी ठरते, मग तिला जुळणारे साहित्य शोधले जाते.

शहापूर-मुरबाडच्या वर्गात हे कसे उतरेल?

मातीचा आणि बियांचा घटक घ्या. येथील मुलाने राब भाजताना पाहिलेला असतो. वाफ्यावर पालापाचोळा जाळला की तणाचे बी मरते, राख मिसळते आणि रोपे जोमदार येतात. पाठाला यापेक्षा चांगली सुरुवात नाही. पेरणीआधी भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात : दहा लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. पोकळ बी तरंगते, भरलेले तळाशी बसते. तरंगणे-बुडणे शिकवायला एक बादली पुरते.

पाण्याच्या घटकाला भातसा, तानसा आणि मोडक सागर शहापूर तालुक्यातच आहेत. (मोडक सागर हे नाव अभियंता मोडकांचे, ताराबाईंचे नव्हे.) धरणे शेजारी असताना उन्हाळ्यात पाड्यावर टँकर का येतो, हा प्रश्न मुले विचारतीलच. तो टाळू नये.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. कुरणशाळेचा मुद्दा तेथे जसाच्या तसा लागू होतो. भट्टीवरच्या भोंगाशाळांनी तेच केले, शाळा मुलामागे नेली.

मात्र सगळे कुरणात सापडत नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. चुंबक आणि विजेचे मंडळ शाळेतच करून दाखवावे लागते. गिधाड, वाघ किंवा ग्रहमाला यांसाठी पुस्तक आणि चित्रच लागते. शिवाय बाहेर नेऊन नुसते हिंडवले तर ती सहल होते. परत आल्यावर काय पाहिले ते सांगणे, गट पाडणे आणि चित्र काढणे राहिले तर तास वाया गेला. या कामाला वेळ लागतो, आणि दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्याकडे तोच नसतो. ही अडचण ताराबाईंच्या उदाहरणाने सुटत नाही.

पुढे काय झाले?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कुरणशाळेची तशी योजना झाली नाही. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या निधनापर्यंत चालवले. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्ह्याचे विभाजन झाले. कोसबाड पालघरमध्ये गेले, शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले.