सिडनहॅम कॉलेजचे प्राध्यापक आंबेडकर : बाबासाहेब अर्थशास्त्र शिकवायचे तेव्हा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आधी संविधान आठवतं. मग चवदार तळं, मग दीक्षाभूमी. पण या सगळ्याच्या आधी बाबासाहेब मुंबईतल्या एका कॉलेजात पदवीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवत होते, हे अनेकांना माहीतच नसतं.

झालं असं की, १९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून परतले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सेलिग्मन यांच्यासारख्या नामवंत अर्थतज्ज्ञाच्या हाताखाली अभ्यास केला होता. पण बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत येऊन त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचं काम सुरू केलं. जात कळली आणि गिऱ्हाईकं यायची बंद झाली.

शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. वय २७.

सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. अस्पृश्य माणूस काय शिकवणार, असा सूर होता. पण बाबासाहेब भरपूर तयारी करून वर्गात यायचे. हळूहळू चित्र इतकं पालटलं की दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. दुसरीकडे स्टाफरूममध्ये त्यांनी पाण्याच्या माठाला हात लावू नये, म्हणून काही सहकारी प्राध्यापक कुरकुर करत होते.

आता हा शिक्षक वेगळा का होता, ते बघू. त्याच वर्षी त्यांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध छापून आला. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं की जमिनीचे तुकडे झालेत, ते एकत्र करा, शेती सुधारेल. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठं, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल किती लागतंय, हात किती राबतायत, यावर ते ठरतं. खरा रोग म्हणजे गरजेपेक्षा जास्त माणसं जमिनीवर अवलंबून आहेत. त्यावर उपाय उद्योगधंदे वाढवण्याचा. म्हणजे अर्थशास्त्र त्यांच्यासाठी व्याख्या पाठ करण्याचा विषय नव्हता, समोरच्या प्रश्नाची उकल करण्याचं साधन होतं.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या बळावर ते लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपात आला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्षही दिली.

पण शिकवण्याचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या समितीला त्यांनी लेखी उत्तरं दिली. पदवीचं शिक्षण आणि पदव्युत्तर शिक्षण वेगळं करायला त्यांचा विरोध होता. कारण साधं आहे. चांगले, संशोधन करणारे प्राध्यापक वरच्या वर्गांना गेले, तर पदवीच्या मुलांच्या वाट्याला काय उरणार? नुसतं पुस्तकातलं पुन्हा सांगणं. आणि संशोधन करणाऱ्यांचाही नव्या विद्यार्थ्यांशी संबंध तुटणार. विद्यापीठाने फक्त परीक्षा घेऊन थांबू नये, शिकवणं आणि संशोधन एकत्र चालवावं, असं त्यांचं मत होतं.

बघा, आपल्याकडे बहुतेक मुलं पदवीनंतर पुढे शिकत नाहीत. त्यांचा अर्थशास्त्राशी जो काही संबंध येतो, तो त्या तीन वर्षांतच. तिथंच नोट्स उतरवून घेण्यावर भागलं, तर महागाई का वाढते, रुपया का घसरतो, बजेटमध्ये पैसा कुठं जातो, हे प्रश्न ती मुलं विचारणार कधी?

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज उभं राहिलं. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५३ मध्ये, याच संस्थेनं मुंबईत आणखी एक कॉलेज काढलं होतं. ते होतं वाणिज्य आणि अर्थशास्त्राचं.