गाडगेबाबांचे घर



दिंडीच्या शंभरीचे पुस्तक निघते आहे, बुवा तुम्ही एक लेख द्या, असे मंडळींनी सांगितले. आम्ही चौथी शिकलेले. तिफणीला आणि टाळाला हात बसलेला आहे, लेखणीला नाही. चुकलेमाकले पदरात घ्यावे. गाडगेबाबांचे चरित्र आम्ही तीस वर्षे कीर्तनात सांगत आलो, तेच इथे मांडतो. पण या वेळी थोडे वेगळ्या बाजूने, घराकडून सांगणार आहोत. त्याला कारण झाले, ते पुढे येईल.

बाबांचे पाळण्यातले नाव डेबू. बापाचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई. परटाचे घर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, महाशिवरात्रीचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. झिंगराजी दारूपायी गेले. घर बुडाले. सखुबाई लेकराला काखेत मारून माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे म्हणून गाव आहे तिथे. डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पुरात पोहायला शिकला. रात्री गावच्या भजनात जाऊन बसायचा. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामा साधा माणूस. सावकाराच्या कागदावर अंगठे देत गेला आणि एक दिवस शेतच गेले. अंगठा काय करतो ते डेबूने तेव्हाच पाहून ठेवले.

१८९२ साली लग्न झाले. कुंताबाई घरात आली. पुढे मुलगी झाली. त्या काळी बारशाला जातीत मटण आणि दारू लागे, त्याशिवाय पंगत उठत नसे. डेबूने गोडाचे जेवण घातले. जातवाले रुसले, पण याने ऐकले नाही. बापाला दारूने नेले होते ना! बाबांचे पहिले कीर्तन आम्ही या पंगतीलाच म्हणतो. टाळ नाही, मृदंग नाही, स्वतःच्या अंगणात झाले.

मग १ फेब्रुवारी १९०५ ची रात्र. पहाटे तीनच्या सुमाराला डेबू उठला. अंगावर फाटके धोतर, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. घरात आई निजलेली, बायको निजलेली, लेकरे निजलेली. कोणाला न उठवता दार ओढून घेतले. वयाचे एकोणतिसावे वर्ष.

तिथून पन्नास वर्षे बाबा रस्त्यावर. चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. गावात आले की आधी गाव झाडायचे. लोक म्हणत कोण हा वेडा. दिवसभर गटारे काढायची, पायवाटा साफ करायच्या, कोणी भाकर दिली तर त्याच गाडग्यात घ्यायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. गाव झाडून झाले की माणसांची डोकी झाडायला घ्यायची. भाषा आपली वऱ्हाडी. बाबा विचारणार आणि हजारो माणूस एका तोंडाने उत्तर देणार. उत्तर देता देता माणूस आपल्याच तोंडून आपली चूक कबूल करून बसे. कीर्तन संपले, पाया पडायला लोक धावले, की बाबा अंधारात पसार. उद्याचे गाव दुसरे.

आता पहा, त्या कीर्तनात असायचे काय? कर्ज काढून लग्न करू नका. दारू पिऊ नका. देवाला बकरे मारू नका. शिवाशीव पाळू नका. जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. म्हणजे सगळे घराचेच! ज्याने आपले घर सोडले तो माणूस पन्नास वर्षे लोकांची घरे नीट करत फिरला.

आणि त्याचे स्वतःचे घर? दर पौषात पूर्णेकाठी ऋणमोचनला यात्रा भरते. बाबा तिथे वाट झाडायला, दरड खणायला येत. घरच्यांना ते दिसले ते तिथेच. आईने, बायकोने घरी चला म्हणून पाहिले. बाबा आले नाहीत. पुढे त्याच ऋणमोचनला बाबांनी लोकवर्गणीतून घाट बांधला, आणि त्याच गावात सखुबाई आणि कुंताबाई झोपडीत राहिल्या. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली, नाशिकला झाली, आळंदीला झाली. लाखो रुपये बाबांच्या शब्दावर उभे राहिले. त्यातला पैसा त्या झोपडीकडे गेला नाही. संस्थांवर आपल्या नातलगांचा हक्क बाबांनी ठेवला नाही. स्वतःही धर्मशाळेत सुखाने निजले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली, पोरे शिकावीत म्हणून. आम्हाला कीर्तनाचे पाकीट मिळते, ते आम्ही घेतो, खोटे कशाला लिहावे. त्यातून घरी तेलमीठ येते. बाबांच्या कीर्तनाचे घरी काहीच आले नाही.

१९२३ ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कोकणात खारेपाटणला कीर्तन उभे होते. एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची खबर तिथे पोचली. बाबांनी ऐकली, आणि कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग आम्ही सांगितला की मंडप रडतो. वैराग्य म्हणावे ते हे, असे म्हणून आम्ही गजर धरतो.

एकदा आमच्याच गावच्या सप्त्यात हे सांगून आम्ही रात्री घरी आलो. आमच्या मंडळींनी ताट वाढले आणि सहज विचारले, की बाबांचे समजले, पण त्या पोराच्या आईजवळ त्या दिवशी कोण होते? हातातला घास हातातच राहिला. तीस वर्षांत ही गोष्ट आम्ही किती गावांत सांगितली असेल, पण कुंताबाईचे नाव तिथे एकदा घेतले नव्हते. बाबांना हजारोंचा गजर सावरायला होता. तिला झोपडी होती.

बाबांना यात उणे आणायचे नाही, जीभ झडेल आमची. बाबा घरी राहिले असते तर दापुऱ्यात एक चांगला शेतकरी झाला असता, आणि किती घरांतली दारू सुटायची राहिली असती. पण ते जे देणे होते, त्यातला मोठा वाटा त्या झोपडीने फेडला. हे कीर्तनात आले पाहिजे. आम्ही आता आणतो.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत बांद्र्याच्या पोलीस स्टेशनात बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी देह ठेवला. डेबू रात्री घरातून निघाला होता, आणि बाबा गेले तेही रात्री, रस्त्यावरच.

आता शेवटचे. एका आषाढीला आम्ही वाखरीच्या रिंगणात नाचत होतो, त्याच दिवशी घरी दुबार पेरणी चालली होती. पहिले बियाणे वाळून गेलेले. तिफण आमच्या मंडळींनी धरली. आम्हाला ते बारशीला घरी आल्यावर कळाले, तेही शेजाऱ्याकडून.

या पुस्तकात शंभर वर्षांचे विणेकरी, चोपदार, मृदंगी, टाळकरी यांची नावे छापणार आहेत. चांगले आहे. कमिटीला आमची हात जोडून विनंती आहे, की त्यांच्यामागे ज्यांनी घर, गुरे, शेत राखले त्या बायांची नावेही एका पानावर घ्यावीत. जागा नसेल तर हा आमचा लेख कमी करावा.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.